एकाच सी प्रोजेक्टमधून तीन प्रोग्राम कसे बनवायचे: कागदापासून मेकफाइलपर्यंत

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ इकडच्या इंजिनीअरिंगच्या मुलांकडून दर सेमिस्टरला एकच स्क्रीनशॉट येतो, 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन', म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते मेन फंक्शन एकापेक्षा जास्त वेळा सापडलं. मिनी प्रोजेक्टमध्ये दोन-तीन छोटे प्रोग्राम हवे असतात, एक यादी दाखवणारा, एक हिशोब करणारा, एक तपासणीचा, आणि मुलं सगळ्या सी फाइल्स एका फोल्डरमध्ये टाकून एकदम कंपाइल मारतात. एरर आली की त्यावर जे उपाय करतात ते एररपेक्षा वाईट. कोणी एक मेन कॉमेंट करून दुसरा चालवतो, सबमिशनच्या वेळी परत उलटं करतो, कोणी तीन फोल्डर करून कॉमन कोड तिन्हीकडे पेस्ट करतो. हे दोन्ही आजपासून बंद करा.

डोक्यात एवढंच पक्कं बसवा: कंपाइल (सी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) प्रत्येक फाइलचं वेगळं होतं, लिंक (असे तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम बनवणं) प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं होतं, आणि एका लिंकमध्ये मेन एकच असतो. कंपायलरला तुमचा 'प्रोजेक्ट' वगैरे काही माहीत नसतो, त्याच्यापुढे फक्त फाइल्स येतात. कुठल्या फाइल्स कुठल्या प्रोग्राममध्ये जाणार हे तुम्हालाच सांगावं लागतं.

वाचताना एक लक्षात ठेवा. कमांड आणि फाइलची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाकायची. पर्यायांची अक्षरं स्मॉल समजा, कॅपिटल असेल तिथे मी तसं सांगतो. चिन्हं, म्हणजे डॉलर, टक्का, डॅश, जशी दिसतात तशीच.

उदाहरण आपल्या रोजच्या लाइनचं घेऊ, ट्रान्सहार्बर. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, असे ९ थांबे. तीन प्रोग्राम हवेत: 'यादी' सगळे थांबे छापेल, 'अंतर' दोन नावं घेऊन मध्ये किती थांब्यांचा प्रवास आहे ते सांगेल, आणि 'तपास' बाकी कोड बरोबर चालतोय का ते बघेल. थांब्यांचा तक्ता तिघांनाही लागतो. कॉपी-पेस्ट का नको ते इथेच कळतं. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये. ज्याने तक्ता तीन ठिकाणी पेस्ट केला होता त्याला तीन ठिकाणी बदल करावा लागणार, आणि एक जागा राहिली तर 'यादी' ९ थांबे दाखवणार आणि 'अंतर' मात्र ठाणे ते वाशी ७ सांगत बसणार, खरं उत्तर ८. कुठलीही एरर येणार नाही, उत्तर मात्र चुकीचं.

तयारी: कंपायलरला हात लावण्याआधी

उबुंटू किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) असेल तर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज टाका, त्यात जीसीसी (कंपायलर) आणि मेक (मेकफाइलमध्ये लिहिलेल्या बिल्डच्या कमांड चालवणारं टूल) दोन्ही येतात. मॅकवर कमांड लाइन टूल्स टाकली की जीसीसी नावाने जे चालतं ते खरं तर क्लँग असतं, आपल्या कामाला चालतं, फक्त एररचे शब्द वेगळे दिसतात, 'डुप्लिकेट सिम्बॉल' असं येतं. विंडोजवर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीची जीसीसी) असेल तर मेकचं नाव बऱ्याचदा 'मिनजीडब्ल्यू३२-मेक' असतं, नुसतं 'मेक' टाइप करून 'कमांड सापडली नाही' आलं म्हणून लगेच सगळं परत इन्स्टॉल करू नका.

आता कागद घ्या. खरंच घ्या, ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. डावीकडे फाइल्स, वर प्रोग्राम, आणि खुणा करा:

यादी.सी: फक्त 'यादी'मध्ये, मेन आहे.
अंतर.सी: फक्त 'अंतर'मध्ये, मेन आहे.
तपास.सी: फक्त 'तपास'मध्ये, मेन आहे.
थांबे.सी: तिन्हीमध्ये, मेन नाही.
थांबे.एच: हेडर, म्हणजे फंक्शनची फक्त ओळख असलेली फाइल, कुठेच लिंक होत नाही, फक्त इन्क्लूड होते.

तपासा: प्रत्येक प्रोग्रामच्या उभ्या रांगेत मेनवाली फाइल बरोबर एक आली पाहिजे. दोन आल्या तर 'मल्टिपल डेफिनिशन' नक्की, एकही नसेल तर लिनक्सवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन'. मिनजीडब्ल्यूवर त्याच जागी 'विनमेन'चं नाव येतं, तेव्हा घाबरून विंडोज प्रोग्रामिंगचे व्हिडिओ बघायला जाऊ नका, अर्थ तोच, मेन सापडला नाही.

सावधान: फाइल किंवा फोल्डरच्या नावात स्पेस नको. मेक स्पेस दिसली की दोन वेगळी नावं समजतो. आणि कुठल्याही प्रोग्रामला 'टेस्ट' नाव देऊ नका, शेलची स्वतःची टेस्ट नावाची कमांड आहे, तुम्ही नुसतं 'टेस्ट' टाइप केलं तर ती चालते, काहीच छापत नाही, आणि तुम्ही तासभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत राहता.

१. कोड फोडा: मेन एकीकडे, काम दुसरीकडे

मेनमध्ये फक्त तीन गोष्टी ठेवा: युजरकडून काय आलं ते घेणं, कॉमन फंक्शनला हाक मारणं, उत्तर छापणं. थांबा शोधणं, अंतर मोजणं हे सगळं थांबे.सी मध्ये. कारण साधं आहे, मेनमध्ये लिहिलेलं लॉजिक दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येत नाही, आणि 'तपास'ला तर ते बघताच येत नाही.

आपल्या थांबे.सी मध्ये नावांचा तक्ता आणि तीन फंक्शन्स: एक एकूण किती थांबे ते सांगणारं, एक नाव देऊन नंबर सांगणारं (सापडलं नाही तर उणे १), आणि एक दोन नावांमधलं अंतर देणारं. तक्ता स्टॅटिक ठेवा, म्हणजे बाहेरच्या फाइलला तो दिसणारच नाही, जे काही हवं ते फंक्शनमधूनच घ्यायचं. 'किती थांबे' साठी वेगळं फंक्शन कशाला, साइजऑफने मोजता येतं की, असं बरेच जण म्हणतात. थांबे.सी च्या आत येतं, पण दुसऱ्या फाइलमधून एक्स्टर्न म्हणून (म्हणजे खरा ॲरे दुसरीकडे आहे एवढंच सांगून) आकार न देता डिक्लेअर केलेल्या ॲरेचा साइजऑफ कंपायलर देत नाही, कारण त्या फाइलला ॲरे किती लांब आहे ते माहीतच नसतं.

मदतीची छोटी फंक्शन्स, जी फक्त त्याच फाइलमध्ये लागतात, ती पण स्टॅटिक करा. दोन फाइल्समध्ये 'प्रिंट_लाइन' नावाचं फंक्शन असलं आणि दोन्ही एका प्रोग्राममध्ये आल्या की तीच मल्टिपल डेफिनिशनची एरर, फक्त मेनऐवजी दुसरं नाव.

२. हेडर: इथे सगळ्यात जास्त घसरतात

थांबे.एच मध्ये फक्त डिक्लेरेशन. फंक्शनचा पहिला भाग, शेवटी सेमिकोलन, बॉडी नाही. वर इफ-नॉट-डिफाइनवाला गार्ड टाका.

आता नीट वाचा. गार्ड असला तरी हेडरमध्ये 'इंट मोजणी = ०;' असं लिहायचं नाही. गार्ड फक्त एकाच फाइलमध्ये तेच हेडर दोनदा येण्यापासून वाचवतो. यादी.सी आणि थांबे.सी या दोन वेगळ्या फाइल्स वेगवेगळ्या कंपाइल होतात, दोन्हीकडे हेडर एकदा-एकदा येतं, दोन्ही ऑब्जेक्टमध्ये (कंपाइल होऊन बनलेल्या डॉट-ओ फाइल्समध्ये) 'मोजणी' तयार होते, आणि लिंकरला एकाच नावाचे दोन व्हेरिएबल दिसतात. हे 'पण सर, मी गार्ड लावलाय' मी इतक्यांदा ऐकलंय की वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो.

बरोबर पद्धत: हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट मोजणी;' आणि कुठल्यातरी एकाच सी फाइलमध्ये 'इंट मोजणी = ०;'.

यात एक छुपी अडचण आहे. हेडरमध्ये 'इंट मोजणी;' असं बिनाकिमतीचं लिहिलं तर जुनी जीसीसी ते निमूट खपवून घ्यायची. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ते डिफॉल्टने बंद झालं, आता तिथे एरर येते. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालणारा कोड घरच्या नव्या लॅपटॉपवर फुटतो, आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. दोष हेडरचा आहे, तोच दुरुस्त करा, जुनं वागणं परत आणणारा पर्याय शोधून लावू नका.

सावधान: यादी.सी मध्ये थांबे.सी इन्क्लूड करायची नाही, एच करायची. सी इन्क्लूड केली तर सुरुवातीला चालतंसुद्धा, म्हणून फसायला होतं, मग कधीतरी थांबे.ओ पण लिंकमध्ये येतं आणि सगळी फंक्शन्स दोनदा होतात.

तपासा: थांबे.सी ने स्वतः थांबे.एच इन्क्लूड केलीय का? नसेल तर हेडरमध्ये इंट आणि फाइलमध्ये लाँग असा फरक कंपायलरला कधी दिसणार नाही. आणि नावाची अक्षरं बघा, विंडोज आणि मॅकवर कॅपिटल-स्मॉलचा फरक साधारणपणे चालून जातो, लिनक्सवर नाही.

३. आधी हाताने बनवा

मेकफाइलकडे लगेच पळू नका. नेटवरून उचललेली मेकफाइल चालली नाही तर चूक कोडमध्ये आहे, लिंकमध्ये आहे की मेकफाइलमध्ये, कळायला मार्ग नसतो. हाताने एकदा केलं की मेकफाइल म्हणजे त्याच कमांड लिहून ठेवणं.

आधी चारही फाइल्स कंपाइल, लिंक नाही:

जीसीसी -वॉल -सी थांबे.सी
जीसीसी -वॉल -सी यादी.सी
जीसीसी -वॉल -सी अंतर.सी
जीसीसी -वॉल -सी तपास.सी

वॉलमधला डब्ल्यू कॅपिटल. डॅश सी म्हणजे 'कंपाइल कर आणि थांब'. चार डॉट-ओ फाइल्स तयार होतील. मग तीन लिंक:

जीसीसी यादी.ओ थांबे.ओ -ओ यादी
जीसीसी अंतर.ओ थांबे.ओ -ओ अंतर
जीसीसी तपास.ओ थांबे.ओ -ओ तपास

बघा, थांबे.ओ एकदाच बनलं आणि तीनदा वापरलं. ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत रूळ एकच, पुढे एक फाटा सानपाड्यावरून वाशीला जातो आणि एक जुईनगरवरून नेरूळला, म्हणून कोणी ठाण्यापासून दोन वेगळे रूळ टाकत नाही, तसंच हे.

सावधान: लिंकच्या ओळीत डॅश ओ नंतर प्रोग्रामचं नाव येतं. घाईत 'जीसीसी -ओ यादी.सी थांबे.ओ' असं लिहिलं तर जीसीसी तुमच्या यादी.सी लाच आउटपुट समजते, आणि सोर्स फाइल गमावण्याची पाळी येऊ शकते. गिटमध्ये (फाइल्सच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिट करूनच हे प्रयोग करा.

इथे येणाऱ्या दोन एरर ओळखायला शिका. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे ते नाव हवंय पण लिंकला दिलेल्या फाइल्समध्ये सापडलं नाही, बहुतेक वेळा थांबे.ओ लिहायचं राहिलेलं असतं. 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणजे तेच नाव दोनदा सापडलं. दोन्ही लिंकरच्या एरर आहेत, त्यात सेमिकोलन शोधत बसू नका, कागदावरचा तक्ता उघडा.

व्हीएस कोडवाल्यांसाठी खास: वरचं रनचं बटण नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त समोर उघडलेली एक फाइल कंपाइल करतं. यादी.सी उघडून रन दाबलं की थांबे.सी त्यात येतच नाही, मग अनडिफाइन्ड रेफरन्स. उलट कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी प्लस प्लसमध्ये प्रोजेक्टमधल्या सगळ्या फाइल्स एका प्रोग्राममध्ये जातात, मग तीन मेन एकत्र. एकाच कोडला दोन एडिटरमध्ये दोन उलट्या एरर येतात त्या यामुळे. इथून पुढे बिल्ड टर्मिनलमधून करा, एडिटर फक्त लिहायला.

तपासा: 'एनएम थांबे.ओ' चालवा. नावांपुढे कॅपिटल टी म्हणजे ते फंक्शन इथे आहे, कॅपिटल यू म्हणजे बाहेरून हवंय. थांबे.ओ च्या यादीत मेन दिसता कामा नये. यादी.ओ मध्ये मेनपुढे टी आणि थांब्यांच्या फंक्शनपुढे यू दिसायला हवा. लिंकर हेच बघतो, तुम्ही पण बघा.

मध्येच एक गैरसमज, कारण तो डेमोच्या दिवशी बाहेर येतो

तिन्ही प्रोग्राममध्ये थांबे.ओ आहे म्हणजे त्यातले व्हेरिएबल तिघांत शेअर झाले, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही. कोड सामायिक आहे, चालू असतानाची मेमरी नाही. 'यादी'ने मोजणी ५ केली आणि मग 'अंतर' चालवलं तर तिथे मोजणी परत ०. प्रत्येक प्रोग्राम चालू झाला की त्याची स्वतःची कॉपी. एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याला द्यायचा असेल तर फाइलमध्ये लिहा आणि दुसऱ्यातून वाचा, किंवा पाइपने जोडा. एका ग्रुपने भरणारा आणि दाखवणारा असे दोन प्रोग्राम नीट बनवले होते, बिल्ड एकदम स्वच्छ, आणि दाखवणारा कायम रिकामी यादी दाखवत होता, त्यांचा सगळा वेळ मेकफाइल बदलण्यात गेला, मेकफाइलचा काही संबंध नव्हता.

४. आता मेकफाइल

फाइलचं नाव 'मेकफाइल', एम कॅपिटल, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नाही. नोटपॅड गुपचूप शेवटी डॉट-टीएक्सटी लावतो, मग मेक म्हणतो मेकफाइल सापडलीच नाही.

सीसी = जीसीसी
सीफ्लॅग्ज = -वॉल -जी -एमएमडी -एमपी
प्रोग्राम्स = यादी अंतर तपास

ऑल: $(प्रोग्राम्स)

यादी: यादी.ओ थांबे.ओ
[टॅब] $(सीसी) $^ -ओ $@

अंतर: अंतर.ओ थांबे.ओ
[टॅब] $(सीसी) $^ -ओ $@

तपास: तपास.ओ थांबे.ओ
[टॅब] $(सीसी) $^ -ओ $@

%.ओ: %.सी
[टॅब] $(सीसी) $(सीफ्लॅग्ज) -सी $< -ओ $@

क्लीन:
[टॅब] आरएम -एफ $(प्रोग्राम्स) *.ओ *.डी

.फोनी: ऑल क्लीन

-इन्क्लूड $(वाइल्डकार्ड *.डी)

यात सीसी, सीफ्लॅग्ज, फोनी, एमएमडी, एमपी हे सगळं कॅपिटलमध्ये, फोनीच्या आधी टिंब. [टॅब] लिहिलंय तिथे खरोखर टॅबची की, स्पेस नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलं की टॅबच्या स्पेस होतात आणि 'मिसिंग सेपरेटर' येतं, ओळ नंबर दिलेला असतो, तिथे जाऊन स्पेस काढा आणि टॅब मारा.

चिन्हं तीनच लक्षात ठेवा: $@ म्हणजे जे बनवायचंय ते, $^ म्हणजे त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स, $< म्हणजे त्यातली पहिली.

'ऑल' सगळ्यात वर का? नुसतं 'मेक' म्हटलं की मेक पहिलं टारगेट (कोलनच्या डावीकडचं नाव) बनवतो आणि थांबतो. 'यादी' वर ठेवली तर फक्त यादीच बनेल, आणि बाकीचे दोन जुनेच चालत राहतील, ही चूक लक्षात यायला फार वेळ लागतो कारण एरर काहीच नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही, थोडं सावकाश वाचा. तीन नियम लिहायचा कंटाळा येतो म्हणून लोक लिहितात:

यादी अंतर तपास: यादी.ओ अंतर.ओ तपास.ओ थांबे.ओ
[टॅब] $(सीसी) $^ -ओ $@

वाटतं की मेक डावीकडचं पहिलं उजवीकडच्या पहिल्याशी जोडेल. मेक तसं करत नाही. तो हा नियम तीनदा चालवतो, आणि प्रत्येक वेळी चारही ओ फाइल्स लिंकला देतो, म्हणजे प्रत्येक प्रोग्राममध्ये तीन मेन. वाइल्डकार्डने फोल्डरमधल्या सगळ्या सी फाइल्स गोळा करून एका लिंकमध्ये टाकणं हा याच चुकीचा दुसरा अवतार. आखूड लिहायचंच असेल तर बरोबर आखूड रूप आहे:

$(प्रोग्राम्स): %: %.ओ थांबे.ओ
[टॅब] $(सीसी) $^ -ओ $@

इथे टक्क्याच्या जागी प्रोग्रामचं नाव जातं, म्हणून यादीला यादी.ओ, अंतरला अंतर.ओ. पण पहिल्यांदा तीन नियम वेगळेच लिहा, मग आखूड करा.

एमएमडी आणि एमपी कशाला? कुठली सी फाइल कुठलं हेडर वापरते ते जीसीसी डॉट-डी फाइल्समध्ये लिहून ठेवते, आणि शेवटची इन्क्लूडची ओळ ते मेकला वाचून दाखवते. हे नसेल तर थांबे.एच मध्ये स्ट्रक्टचा एक फील्ड वाढवला तरी मेक म्हणतो काही बदललं नाही, आणि मग अर्ध्या फाइल्स जुन्या स्ट्रक्टवर, अर्ध्या नव्या, प्रोग्राम भलत्याच ठिकाणी क्रॅश. 'क्लीन करून परत केलं की चालतं' असं ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे बहुतेक हेच नसतं.

सावधान: हेडर यादीच्या लिंकच्या नियमात उजवीकडे टाकू नका. $^ ते हेडर पण लिंकच्या कमांडला देतो, आणि जीसीसी एक गोंधळात टाकणारी एरर देते की डॅश ओ सोबत अनेक फाइल्स चालत नाहीत.

मेकफाइल बरोबर आहे का ते या क्रमाने तपासा. 'मेक' दोनदा चालवा, दुसऱ्यांदा काहीच कंपाइल होता कामा नये. मग यादी.सी ला टच करा (ही कमांड फाइलची वेळ ताजी करते) आणि 'मेक -एन', हा पर्याय कमांड फक्त दाखवतो, चालवत नाही. यादीचं एक कंपाइल आणि एक लिंक दिसायला हवं, अंतर आणि तपास नाही. मग थांबे.एच ला टच करा, चारही फाइल्स परत कंपाइल आणि तीनही लिंक दिसायला हव्यात. इथे कमी दिसलं तर डी फाइल्सचं काहीतरी राहिलंय.

विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आरएम नसतो, म्हणून क्लीन तिथे फुटतो, एमएसवायएस२ किंवा डब्ल्यूएसएलच्या टर्मिनलमधून चालवा. आणि विंडोजवर 'पर्मिशन डिनाइड' आलं तर आधी बघा की तोच प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत चालू आहे का, चालू ईएक्सई वर लिंकरला लिहिता येत नाही.

५. फाइल्स वाढल्या की लायब्ररी

थांबे, भाडं, वेळ, इनपुट अशा दहा-बारा कॉमन फाइल्स झाल्या की प्रत्येक नियमात सगळी नावं लिहिणं चुकतं. तेव्हा कॉमन ओ फाइल्सची एक स्टॅटिक लायब्ररी बांधा:

एआर आरसीएस लिबठाणे.ए थांबे.ओ भाडे.ओ वेळ.ओ

आणि लिंकमध्ये 'जीसीसी यादी.ओ लिबठाणे.ए -ओ यादी'. लिंकर लायब्ररीतून फक्त लागतील तेवढ्याच ओ फाइल्स उचलतो.

क्रम इथे फार महत्त्वाचा. लायब्ररी तिला वापरणाऱ्या ओ फाइलच्या नंतर यायला हवी. नेहमीचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, लायब्ररी पहिली आली तर त्या क्षणी कोणालाच काही नको असतं, तो पुढे जातो, मग यादी.ओ मागते तेव्हा वेळ गेलेली असते, अनडिफाइन्ड रेफरन्स. गणिताची लायब्ररी, म्हणजे डॅश एल एम, ती पण शेवटी. मेकफाइलमध्ये ही नावं एलडीलिब्ज मध्ये ठेवा आणि ते $^ च्या नंतर लिहा, एलडीफ्लॅग्ज मध्ये टाकून ओळीच्या सुरुवातीला नको.

आता एक असा प्रकार जो आज चालतो आणि महिन्याने फुटतो: मेनवाली फाइल चुकून लायब्ररीत गेली तर. यादीकडे स्वतःचा मेन असतो, त्यामुळे लिंकर लायब्ररीतला मेन शोधायलाच जात नाही, सगळं शांत. मग एखाद्या दिवशी तुम्ही त्याच फाइलमधलं दुसरं एखादं फंक्शन वापरता, लिंकर ती अख्खी ओ फाइल उचलतो, मेनसकट, आणि ज्या कोडला तुम्ही हातही लावला नाही तिथे मल्टिपल डेफिनिशन. म्हणून लायब्ररी बनली की 'एनएम' चालवून मेन नाही ना हे बघायचंच.

दुसरं, आरसीएस जुनी ओ फाइल बदलतो, नवी घालतो, पण तुम्ही प्रोजेक्टमधून काढून टाकलेली फाइल लायब्ररीतून काढत नाही. नियमात एआरच्या आधी जुनी लायब्ररी उडवून टाका.

६. फोल्डर लावा

या टप्प्यावर फोल्डर करणं फायद्याचं: 'प्रोग्राम' मध्ये फक्त मेनवाल्या फाइल्स, 'कॉमन' मध्ये बाकी सी, 'इन्क्लूड' मध्ये हेडर, 'बिल्ड' मध्ये सगळं तयार होणारं. मग वाइल्डकार्ड निर्धोक होतं, कारण नियम फोल्डरच सांगतो: प्रोग्राममधली प्रत्येक सी म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्राम, कॉमनमधली प्रत्येक सी लायब्ररीत. चौथा प्रोग्राम हवा तर फाइल टाकायची, मेकफाइलला हात नाही.

सीफ्लॅग्ज मध्ये 'डॅश कॅपिटल आय इन्क्लूड' घाला म्हणजे हेडर सापडतील. डी फाइल्स आता बिल्डमध्ये बनतील, इन्क्लूडच्या ओळीतला पत्ता पण बदला, हे हमखास विसरतं. बिल्ड फोल्डर नसेल तर कंपाइल फुटतो, म्हणून नियमाच्या पहिल्या ओळीत 'एमकेडीआयआर -पी' ठेवा.

सावधान: नुसता 'बिल्ड/%: बिल्ड/%.ओ' असा पॅटर्न लिहिला तर बिल्ड संपल्यावर मेक ओ फाइल्स स्वतःच पुसून टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या मधल्या फाइल्स आहेत. चौथ्या पायरीतलं, सुरुवातीला प्रोग्राम्सची यादी असलेलं रूप वापरा, त्यात असं होत नाही.

सीमेक (मेकफाइल स्वतः तयार करून देणारं टूल) वापरणार असाल तर विचार तोच आहे, लिखाण कमी: एक ॲड_लायब्ररी कॉमनसाठी, प्रत्येक प्रोग्रामला एक ॲड_एक्झिक्यूटेबल, आणि प्रत्येकाला टारगेट_लिंक_लायब्ररीजने ती लायब्ररी. प्रोजेक्टच्या ओळीत भाषा सी असं लिहा, नाहीतर तो सी प्लस प्लसचा कंपायलर पण शोधतो. सगळ्या फाइल्स एका ॲड_एक्झिक्यूटेबलमध्ये कोंबल्या तर सीमेकपण तुम्हाला वाचवणार नाही.

७. 'तपास' बिल्डला जोडा

तिसरा प्रोग्राम बनवून तसाच पडू देऊ नका. मेकफाइलमध्ये:

चेक: तपास
[टॅब] ./तपास

आणि चेकचं नाव फोनीच्या ओळीत घाला. तपासच्या मेनने सगळं ठीक असेल तर ०, चुकलं तर १ परत करायचा, शून्य सोडून काहीही आलं की मेक स्वतः थांबतो आणि एरर दाखवतो. आत काय तपासायचं: एकूण थांबे ९, ठाणे ते वाशी ८, वाशी ते ठाणे पण ८, ठाणे ते ठाणे ०, आणि 'दादर' विचारलं तर सापडलं नाही असंच उत्तर आलं पाहिजे. उलट्या दिशेचा तपास सगळे विसरतात आणि उणे ८ छापून येतं.

८. द्यायच्या आधी

प्रोग्राम, ओ आणि डी फाइल्स गिटइग्नोरमध्ये टाका. मग प्रोजेक्ट नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करा, तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये नाही, कारण तिथे जुन्या ओ फाइल्स पडलेल्या असतात आणि त्या चुका झाकतात. तिथे 'मेक -जे४' आणि मग 'मेक चेक'. जे४ म्हणजे चार कामं एकदम, कुठलं अवलंबन लिहायचं राहिलं असेल तर ते इथे बाहेर पडण्याची शक्यता जास्त. दोन्ही नीट झालं की क्लीन करा आणि तेच परत एकदा, यावेळी मित्राच्या मशीनवर, शक्यतो ज्याच्याकडे तुमच्यापेक्षा नवी जीसीसी आहे त्याच्या.